श्रीधरला पत्र : अति झालेल्या पाखरांविषयी

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे होऊन गेले. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडून बसलो होतो. "संख्या वाढली म्हणून पाखरांवर बंदूक रोखायची, हा अधिकार माणसाला दिला कोणी?" असे तू विचारले आहेस, आणि सोबत मारलेल्या हिमहंसांचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या 'स्नो गूज' पाखरांचे, ते छायाचित्र पाठवले आहेस. शेतात ओळीने मांडून ठेवलेले पांढरे देह, पंखांची काळी टोके सगळी एकाच बाजूला वळलेली, आणि मागे हसत उभे असलेले चौघे शिकारी. ते हसू मलाही सहन झाले नाही. तरीही या प्रश्नाला तुझ्याइतके सरळ उत्तर मला देता येत नाही. का देता येत नाही, ते सविस्तर लिहितो. जरा धीराने वाच.

दोन-तीन वर्षांपूर्वी मला कोणी विचारले असते, तर मी तुझेच वाक्य उच्चारले असते. माझे मत हलले ते कॅनडातल्या एका किनाऱ्याविषयी वाचताना. मॅनिटोबा प्रांतात, चर्चिल गावाच्या पूर्वेला, हडसन उपसागराच्या काठी ला पेरूझ बे नावाची जागा आहे. तेथे १९६८ साली फ्रेड कुक या शास्त्रज्ञाने हिमहंसांच्या विणीचा अभ्यास सुरू केला, आणि पुढे टोरांटो विद्यापीठाच्या रॉबर्ट जेफरीज यांनी त्याच जागी गवताचा आणि मातीचा अभ्यास केला. पाखरे मोजणारे आणि गवत मोजणारे अशी दोन्ही माणसे एकाच चिखलात अनेक वर्षे उभी राहिली, म्हणून तिथे काय घडत गेले ते आपल्याला इतके नेमके कळते.

सुरुवातीच्या वर्षांत त्यांना जे दिसले, ते ऐकून तुला आनंद होईल. भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या त्या खाजणात घोट्याएवढ्या उंचीचे गवत आणि लव्हाळे असतात. तिथल्या मातीत नत्र फार कमी. हंस चरत, खाल्लेल्यातले बरेचसे काही वेळातच शिटेवाटे परत मातीत पडे, आणि खुडलेले गवत न खुडलेल्या गवतापेक्षा जोमाने वाढे. म्हणजे हंस आपले कुरण स्वतःच राखत होते, स्वतःच त्याला खत घालत होते. त्याच चोचीने पुढे ते कुरण उखडले, ही गोष्ट मला अजूनही चटका लावते, कारण पाखराचा स्वभाव तसूभरही बदललेला नव्हता. बदलली होती ती फक्त संख्या.

वसंतात हंस उत्तरेला पोहोचतात तेव्हा जमिनीवर हिरवे काहीच नसते. बर्फ वितळून जिथे माती मोकळी होते, तिथे ते चोच खुपसून गवताची मुळे आणि जमिनीखालची खोडे उपटून खातात. थोड्या पाखरांनी हे केले, तर उन्हाळ्यात जखम भरून येते. हजारोंनी केले, तर माती उघडी पडते. उघड्या मातीवर ऊन लागते, बाष्पीभवन वाढते, आणि खालच्या जुन्या समुद्री गाळातले मीठ ओलाव्याबरोबर वर चढू लागते. खारावलेल्या मातीत उरलेले गवतही जळते, म्हणून आणखी माती उघडी पडते, म्हणून आणखी मीठ वर येते. हे चक्र एकदा फिरू लागले, की ते चालू राहायला हंसांचीही गरज उरत नाही.

तिथल्या अभ्यासकांनी जागोजागी जाळीचे छोटे चौकोन उभे केले होते, आत हंस शिरू नयेत म्हणून. काही वर्षांनी त्या चौकोनांची छायाचित्रे घेतली गेली. आत दाट हिरवे गवत. बाहेर, जाळीला लागूनच, क्षितिजापर्यंत तपकिरी, भेगाळलेला चिखल. मी त्या छायाचित्राकडे बराच वेळ पाहत राहिलो. एक गोष्ट मला नंतर कळली, ती अधिक जड गेली. त्या खाजणातले मुख्य गवत तिथे रुजणारे बी जवळजवळ धरतच नाही. तुटलेल्या तुकड्यांतून, धावत्या खोडांतूनच ते पसरते. त्यामुळे हंस निघून गेले तरी मातीत पेरणी झालेली नसते. जेवढे हिरवे काठाशी उरले असेल, तेवढ्यालाच इंचाइंचाने परत सरकत यावे लागते, आणि मातीतले मीठ त्याला अडवत असते. याला काही दशके लागतात.

हडसन आणि जेम्स या दोन उपसागरांच्या काठी मिळून सुमारे ५५,००० हेक्टर खाजण होते. १९९० च्या दशकात केलेल्या अंदाजानुसार त्यातले ३५ टक्के नष्ट झाले होते, ३० टक्के खराब झाले होते, आणि उरलेले अतिचराईखाली होते. त्या गवताच्या आधाराने राहणारे तुतवार हे छोटे किनारपक्षी आणि चिमणीएवढे गवतातले पक्षी ला पेरूझ बेच्या परिसरातून कमी होत गेले. हंसांची पिल्लेही आधीपेक्षा लहान चणीची होऊ लागली. तू म्हणतोस, निसर्गाला आपले संतुलन आपण साधू द्यावे. अन्न संपले की संख्या आपोआप घटेल. इथे तसे घडले नाही, कारण एक कुरण संपले की हंस पिल्लांना घेऊन पायी दुसरीकडे जातात. तुतवारांना आणि गवताला तशी सोय नाही.

हे इतके हंस आले कुठून, या प्रश्नावर मात्र मी पूर्ण तुझ्या बाजूचा आहे. पूर्वी हे पक्षी हिवाळा मेक्सिकोच्या आखाताच्या काठावरील दलदलींत काढत. तिथे जेवढे अन्न, तेवढेच हंस उत्तरेला परत जाऊ शकत. मग टेक्सास, लुइझियाना आणि आर्कान्सामध्ये भाताची शेते पसरली, त्याहून उत्तरेला मका आणि गहू वाढले, रासायनिक खतांनी पिके जोमदार झाली, आणि कापणीनंतर शेतात सांडलेल्या धान्यावर हंसांचा हिवाळा सुखाने जाऊ लागला. वाटेत त्यांच्यासाठी राखलेली अभयारण्येही होती. हिवाळ्यातल्या गणनेत १९७० च्या सुमारास दहा लाखांच्या आतबाहेर असलेले हे पक्षी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तीस लाखांच्या आसपास मोजले गेले. उत्तरेच्या खाजणाचा नाश दक्षिणेच्या शेतांत शिजला, असे मी म्हटले तर ते शब्दशः खरे आहे.

आता बंदुकीकडे येतो. १९९७ साली अमेरिका आणि कॅनडातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने अहवाल दिला, की हंस दीर्घायुषी असल्यामुळे अंडी नष्ट करून फारसे साधणार नाही. प्रौढ पक्षीच मारावे लागतील. १९१६ च्या अमेरिका-कॅनडा करारानुसार १० मार्चनंतर स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीला बंदी होती. ती हिमहंसांपुरती उठवून १९९९ मध्ये वसंतातही मारण्याची मुभा दिली गेली, आणि ध्वनिमुद्रित आवाजांनी हंसांना बोलावणे, बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे भरणे, दिवसाला कितीही पक्षी टिपणे, या नेहमी निषिद्ध असलेल्या गोष्टीही मान्य झाल्या. प्राणिहितासाठी काम करणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या, सरकारला नियम मागे घ्यावे लागले. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदाच करून ते परत आणले.

आणि मग काय झाले, श्रीधर? दरवर्षी दहा लाखांहून अधिक हंस मारले जाऊ लागले, तरी मध्य खंडातले, म्हणजे आतापर्यंत सांगितलेले, हे हंस वाढतच राहिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले, की मुळात त्यांची संख्या मानली गेली होती त्याहून कितीतरी मोठी होती, आणि मारलेल्यांचे प्रमाण तिच्या मानाने किरकोळ ठरत होते. अलीकडे ही संख्या बरीच घटली आहे, पण ती मुख्यतः पिल्ले पूर्वीइतकी जगत नाहीत म्हणून. बंदुकीचा त्यातला वाटा थोडा. ज्या मोहिमेचे समर्थन गवताच्या नावाने केले गेले, तिचा हिशेब मात्र जवळजवळ सगळीकडे मारलेल्या पाखरांच्या आकड्यांत ठेवला गेला. चिखल किती हिरवा झाला, हे कोणी दरवर्षी सांगितले नाही. माझा खरा आक्षेप हा आहे. अधिवासासाठी मारतो म्हणणाऱ्याने अधिवासाचाच हिशेब दिला पाहिजे. तो देता येत नसेल, तर ती शिकार आहे, आणि तिला तेच नाव द्यावे.

क्वेबेकमधल्या मोठ्या हिमहंसांची, म्हणजे याच पक्ष्याच्या थोरल्या चणीच्या उपजातीची, गोष्ट थोडी वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते सुमारे तीन हजार उरले होते, संरक्षणामुळे १९९० च्या दशकाच्या अखेरीस आठ-दहा लाखांवर गेले, आणि १९९९ पासून वसंतातली शिकार सुरू झाल्यावर वाढ खरोखर थांबली. पण तिथेही एक गोष्ट नंतर ध्यानात आली. सततच्या गोळीबारामुळे न मरणाऱ्या हंसांनाही नीट चरता येत नसे, अंगावर चरबी कमी साठे, आणि उत्तरेला जाऊन त्यांची वीण रोडावे. म्हणजे परिणाम झाला, पण तो काही अंशी भेदरलेल्या, अर्धपोटी पाखरांमुळे. हे वाचून मला बरे वाटले नाही.

पाणकावळ्यांची बाब मात्र तू जरा वेगळ्या नजरेने पाहावीस असे मला वाटते. ईरी सरोवरात मिडल आयलंड नावाचे एक चिमुकले बेट आहे, कॅनडाची अगदी दक्षिणेकडची जमीन. तिथे कॅनडात अन्यत्र क्वचितच आढळणाऱ्या झाडांचे जुने रान आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे साठ-सत्तरच्या दशकांत जवळजवळ नाहीसे झालेले पाणकावळे बंदीनंतर परतले, वाढले, आणि त्या बेटावर हजारोंनी घरटी करू लागले. घरट्यासाठी ते जिवंत फांद्या तोडतात, पानांवर शिटेचा पांढरा थर बसतो, माती आम्लधर्मी होते, आणि झाड शेंड्याकडून वाळत येते. वाळलेल्या झाडावरही घरटी राहतात. ते कोसळले की पाखरे पुढच्या झाडावर जातात. २००८ पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे कर्मचारी वसंतात, पिल्ले बाहेर येण्यापूर्वी, त्यातले काही पक्षी गोळ्या घालून मारतात. त्याही वेळी कडाडून विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांचे एक म्हणणे मला आजही वजनदार वाटते : ज्या पाखराला आपण विषाने संपवत आणले होते, त्याच्या परतण्याला आपण "अति" म्हणतो, कारण त्याच्याविना रिकामे सरोवर पाहण्याची आपल्याला सवय झाली होती. पण बेट लहान आहे, तिथली झाडे कॅनडात दुसरीकडे क्वचितच आहेत, पाणकावळ्यांना मात्र अख्खे सरोवर मोकळे आहे, आणि दरवर्षी झाडांकडे पाहून ठरवता येते की हात थांबवायचा की नाही. एवढ्या अटी पुऱ्या होत असतील, तर मी विरोध करणार नाही. जड मनाने का होईना, संमती देईन.

अटी पुऱ्या होत नसतील तर काय घडते, हे अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या मुखाशी दिसले. सामन माशांची पिल्ले वाचवण्यासाठी २०१५ पासून ईस्ट सँड आयलंडवरचे पाणकावळे हजारोंनी मारले गेले, घरट्यांतल्या अंड्यांवर तेल लावले गेले, आणि २०१६ मध्ये अख्खी वसाहत बेट सोडून उडून गेली. पुढे त्यातले कितीतरी पक्षी नदीच्या वरच्या अंगाला एका पुलावर जाऊन राहिले, जिथे समुद्री मासे कमी मिळतात. त्यामुळे तिथला एकेक पाणकावळा आधीपेक्षा जास्त सामन खाऊ लागला. ऑस्ट्रेलियातही नॉइझी मायनर हा भांडखोर देशी पक्षी छोट्या पाखरांना हुसकावून लावतो म्हणून मारून पाहिला गेला. कित्येक ठिकाणी आसपासच्या रानातून नवे मायनर येऊन तीच जागा बळकावून बसले. माणसाने झाडे तोडून विरळ केलेले रान त्यांना मानवते, आणि ते रान तर तसेच उरले होते.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. अधिकार कोणी दिलेला नाही. पण ती शेते आणि ते विष आपलेच असल्यामुळे हात झटकून बाजूला होण्याचाही अधिकार आपल्याला उरलेला नाही. "मारू नका" एवढेच म्हणून थांबलो, तर त्या खाजणातला तुतवार आपल्या हिशेबात कुठेच येत नाही. तो छायाचित्रात ओळीने मांडला जात नाही, एवढाच त्याच्यात आणि हंसात फरक आहे.

एका मुद्द्यावर मात्र मी अजून अडलो आहे, आणि तिथे मला तुझे मत हवे आहे. पाणकावळ्यांच्या अंड्यांवर तेल लावले, की कवचाची सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि आतला जीव वाढत नाही. मादीला हे कळत नाही. ती अंडी उबवत बसून राहते, आणि म्हणूनच ती दुसऱ्यांदा अंडी घालत नाही. रक्त सांडत नाही, कोणी हसत छायाचित्र काढत नाही. बंदुकीपेक्षा हे सौम्य, असे सगळेच म्हणतात. पण न उमलणाऱ्या अंड्यांवर पावसापाण्यात आठवडेच्या आठवडे बसलेली ती मादी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, आणि हे खरोखर सौम्य आहे का, ते मला ठरवता येत नाही. तू काय ठरवशील, ते पुढच्या पत्रात लिही.

तुझा,
विनायक