धोक्याचा आकडा केव्हाचा, तेही सांगा

मा. संपादक,

सोलापुरातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर थोडा वेळ थांबले, की ‘चान्सेस किती आहेत?’ हा प्रश्न कानावर पडतोच. आतड्याला छिद्र पडून किंवा अपेंडिक्स फुटून पोटात संसर्ग पसरलेला रुग्ण असेल, तर डॉक्टरही बरेचदा एक टक्केवारी सांगतात आणि रोजच्या बिलाने आधीच मेटाकुटीला आलेले नातेवाईक तेवढ्यावर रुग्णाला घरी न्यायचे की ठेवायचे, हे ठरवून टाकतात. अतिदक्षता विभागात अधिपरिचारिका म्हणून काम करताना हा आकडा कसा तयार होतो, हे जवळून पाहिले असल्याने हे पत्र लिहीत आहे.

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या जिवाला धोका किती, हे गुणांत मोजणारी सर्वांत रुळलेली ‘अपाचे-२’ ही पद्धत १९८५ सालची आहे. विभागात दाखल झाल्यापासूनच्या पहिल्या २४ तासांत ताप, रक्तदाब, नाडी, श्वसन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी), पांढऱ्या पेशी, शुद्धीची पातळी अशा १२ मोजमापांची सर्वांत वाईट नोंद त्यात धरली जाते आणि वय व जुने आजार मिळवून ० ते ७१ यांच्या दरम्यान गुण येतात; गुण जितके जास्त, तितका धोका अधिक, आणि त्यावरूनच टक्केवारी काढतात. पद्धत उपयुक्त आहे, पण ती गटाविषयी बोलते. शंभरांतले चाळीस दगावतील असे तिने सांगितले, तरी समोरच्या खाटेवरचा माणूस त्या चाळिसांतला की उरलेल्या साठांतला, हे तिला सांगता येत नाही. शिवाय पोटातला पू निघाला का, छिद्र बंद झाले का, टाके पुन्हा गळू लागले का, हे ती विचारतच नाही, आणि पोटाच्या सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेत) तर सारे त्यावरच अवलंबून असते. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी काढलेला आकडा शस्त्रक्रियेनंतर जसाच्या तसा सांगत राहणे योग्य नाही.

पोटासाठी वेगळा असा ‘मॅनहाइम निर्देशांक’ आहे. पोट उघडल्यावर स्वच्छ द्रव निघाला तर ०, गढूळ किंवा पुवाचा निघाला तर ६ आणि विष्ठा मिसळलेला असेल तर १२ गुण. (रुग्ण स्त्री असेल तर ५ गुण वाढतात, याचे पटेल असे कारण मला आजवर कोणी दिलेले नाही.) त्यात कर्करोगाला ४ गुण आहेत, आणि पोटातला दाह सुरू होऊन शस्त्रक्रियेपर्यंत २४ तासांहून अधिक गेले असतील, तर त्यालाही ४ च. आपल्याकडे ॲसिडिटी समजून सलाईनवर रात्र काढली जाते आणि पोट फळीसारखे कडक झाल्यावर गाडी सोलापूरकडे निघते. कर्करोग कोणाच्या हातात नसतो. ही रात्र मात्र पुष्कळदा हातातली असते.

अवयव किती बिघडले आहेत, हे मोजणारे ‘सोफा’ गुणांकन रोज करता येते. श्वसन, रक्तदाब, मूत्रपिंड, यकृत, प्लेटलेट आणि शुद्धीची पातळी यांना प्रत्येकी ० ते ४ गुण; बिघाड जास्त, तितके गुण जास्त. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या ४८ तासांत हे गुण वाढलेल्या रुग्णांपैकी किमान निम्मे दगावल्याचे दिसले, मग सुरुवातीचे गुण काहीही असोत. म्हणजे एका दिवसाच्या आकड्याइतकेच, किंबहुना अधिक, त्याचे चढणे-उतरणे बोलके असते. ते चढत असेल, तर नातेवाइकांना तसे स्पष्ट सांगावे. खोटी आशा दाखवा, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

म्हणून शहरातील डॉक्टरांना विनंती, की टक्केवारी सांगताना ती कोणत्या वेळची, शस्त्रक्रियेआधीची की नंतरची, हे केसपेपरवर लिहावे आणि ४८ तासांनी गुण पुन्हा काढून नातेवाइकांना पुन्हा बोलवावे. तालुक्यांतील रुग्णालयांकडून येणाऱ्या चिठ्ठीवर अनेकदा ‘पोटदुखी, पुढील उपचारासाठी पाठवीत आहोत’ एवढेच असते. त्याऐवजी दुखणे कधी सुरू झाले, रक्तदाब किती, लघवी किती झाली आणि पहिले अँटिबायोटिक किती वाजता दिले, या चार गोष्टी लिहिल्या जाव्यात. जिल्हा आरोग्य यंत्रणेने त्यासाठी छापील चिठ्ठी तयार केली, तर खर्चही फारसा येणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अधिपरिचारिका, सोलापूर