फायनल 31 मेची, पॅक 31 मेपर्यंत, आणि आमच्या टीव्हीवर निळी चौकट

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : युरोपातल्या क्लब फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या फायनलचा टीव्ही पॅक सामन्याच्या अर्धा तास आधी बंद करणे, दुसऱ्यांदा पैसे घेऊनही सामना न दाखवणे आणि वरून तक्रार ‘निकाली’ काढणे.

महोदय,

माझी तक्रार निकाली निघाल्याचे मला काल कळले. तेही तुम्ही कळवले म्हणून नाही. तुमच्या एका माणसाचा फोन आला, नव्या हंगामाचा फुटबॉल पॅक घ्या म्हणून. मी म्हटले, आधी जुन्याचे बोला. त्याने संगणकात पाहिले आणि म्हणाला, “सर, ती तक्रार तर जूनमध्येच क्लोज आहे. ग्राहक समाधानी, असा शेरा आहे.” समाधानी कोण, ते त्यालाही सांगता आले नाही. पेरणी झाली, पोळा होऊन गेला, कपाशीला पात्या लागल्या, आणि इकडे मी तुमच्या दप्तरी समाधानी होऊन बसलो आहे. म्हणून हे पत्र.

पॅक कसा विकता ते तुम्हाला माहीत असेलच, तरी तुमचाच मेसेज पुढे ठेवतो. मे महिन्यात आला होता : “फायनलसह सर्व सामने”. खाली बारीक अक्षरांत, “वैधता 31 मे, रात्री 11:59”. मी पैसे भरले ते “फायनलसह” या शब्दाचे.

आता फायनल. 31 मे 2025, म्युनिक, पॅरिस सेंट जर्मेन विरुद्ध इंटर मिलान. सामना तिथल्या रात्री 9 ला सुरू होणार होता. तिथले 9 म्हणजे आपल्याकडचे साडेबारा. आपल्याकडे तोवर 1 जून लागलेला असतो. म्हणजे ज्या सामन्याच्या नावाने पॅक विकला, त्याचा एक मिनिटही त्या पॅकमध्ये बसत नव्हता. बरे, हे यंदाच घडले असेही नाही. 2023 ची इस्तंबूलची फायनल 10 जूनची, आपल्याकडे पाहिली ती 11 तारखेला. 2024 ची वेम्बलीची 1 जूनची, आपल्याकडे 2 तारीख. दरवर्षी हेच होते. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तुम्ही खेळाचे चॅनल विकू नका, आणि ठाऊक असूनही असा पॅक विकला असेल तर त्याला काय म्हणतात ते मी खाली कायद्याच्या भाषेत लिहिले आहे.

त्या रात्री माझ्या अंगणात गावातले पोट्टे जमले होते. नवतपा चालू होता, घरात बसवत नव्हते, म्हणून टीव्ही ओसरीत काढून टेबलावर ठेवला, कूलर लावला. आलूबोंडे झाले होते. नवल म्हणजे लाइनसुद्धा गेली नाही. स्टुडिओतली मंडळी पॅरिसच्या तीन फॉरवर्डांवर बोलत होती. बाराचा ठोका पडला आणि पडद्याच्या मधोमध निळी चौकट आली : “आपल्या पॅकची मुदत संपली आहे. कृपया रिचार्ज करा.” तुम्ही लग्न लावायला बोलावता आणि अंतरपाट धरला की नवरदेवाला घरी पाठवता.

मी लगेच मोबाइलवरून रिचार्ज केला. पैसे कापल्याचा मेसेज तत्काळ आला, त्यात तुमची यंत्रणा वाखाणण्यासारखी आहे. चित्र मात्र आले नाही. “बॉक्स सुरू ठेवा, पॅक लवकरच सक्रिय होईल.” बॉक्स सुरूच होता. मग हेवी रिफ्रेशचा, म्हणजे बॉक्सला सिग्नल पुन्हा पाठवा म्हणून, मेसेज पाठवला. मग कार्ड काढून, पुसून, परत घातले. मग बॉक्स बंद करून चालू केला. चौकट तिथेच. कस्टमर केअरला फोन लावला तर “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे” हे वाक्य आणि त्यामागे बासरी. एका पोट्ट्याच्या मोबाइलला मधूनमधून रेंज येत होती, तो भिंतीवर चढून स्कोअर ओरडून सांगत होता. बाराव्या मिनिटाला पॅरिसच्या हकीमीचा गोल. विसाव्याला दूएचा. आणि आम्ही पंधरा-वीस जण त्या निळ्या चौकटीकडे तोंड करून बसलेलो, जणू तिच्यातच गोल होणार आहे. एकाने विचारले, “सर, हे कंपनीवाले इंटरचे हायेत काय?”

चित्र आले तेव्हा पॅरिसचा कर्णधार मार्किन्योस याचा चषक उचलून झाला होता. आणि पडद्यावर पहिले काय आले असेल? तुमचीच जाहिरात. फायनलचा थरार आमच्यासोबत अनुभवा म्हणे.

इथपर्यंत मी शांत होतो. यंत्र आहे, बिघडते. खरा प्रकार दुसऱ्या दिवशी मी कस्टमर केअरला पुन्हा फोन लावला तेव्हा झाला आणि तो मला सविस्तर लिहायचा आहे, कारण हा कॉल ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ होत असल्याचे तुम्हीच सांगता. तो काढून ऐका.

फोन एका मॅडमनी उचलला. मी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारले, “सर, मॅच किती तारखेची होती?” मी म्हटले, 31 मेची. “आणि आपला पॅक कधीपर्यंत होता?” 31 मेपर्यंत. “मग सर, मॅच पॅकमध्येच होती ना?” मी म्हटले, मॅडम, तिथली 31 आणि इथली 31 वेगळी. इथे 1 तारीख लागल्यावर सामना सुरू झाला. त्यावर मॅडम म्हणाल्या, आणि हे मी शब्दशः लिहितो आहे, “पण सर, मॅच 31 ची होती तर आपण ती 31 लाच का नाही पाहिली?”

महोदय, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतो. या प्रश्नाला उत्तर देण्यातच माझ्या नोकरीची सगळी वर्षे गेली आहेत. म्हणून मी त्यांना वर्गात सांगतो तसे सांगितले. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरवरून जाणाऱ्या 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखावृत्तावर धरतात. जर्मनीची 15 अंश पूर्व रेखावृत्तावर. फरक साडेसदुसष्ट अंशांचा. एका अंशाला 4 मिनिटे, म्हणजे 270 मिनिटे, म्हणजे साडेचार तास. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणून उरले साडेतीन. 9 मध्ये साडेतीन मिळवा. सातवीचे पोरगे करते. मॅडमनी हे सगळे ऐकले. मध्ये “ओके सर, ओके सर” म्हणत होत्या, मला वाटले समजते आहे. शेवटी म्हणाल्या, “सर, आमच्या सिस्टीममध्ये मॅचची तारीख 31 दाखवते आहे.”

मी म्हटले, मग तुमच्या सिस्टीममध्ये सामना किती वाजता दाखवतो? थोडा वेळ थांबल्या. “साडेबारा, सर.” कुठल्या दिवशीचे साडेबारा? “31 चे.” दुपारचे की रात्रीचे? पुन्हा थांबल्या. “ते नाही दाखवत, सर.”

यानंतर मी सुपरवायझर मागितला. सुपरवायझर आले नाहीत, पुन्हा मॅडमच आल्या, आणि त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या त्यांना कुणीतरी बाजूला बसून शिकवल्या असाव्यात. पहिली, “सर, तुमच्या भागात क्रिकेट पॅक जास्त चालतो, तो घ्या, त्यात अशी अडचण येत नाही.” दुसरी, “आणि हायलाइट्स तर चालू आहेत ना सर? गोल तेवढेच असतात.”

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. नागपूरच्या शेजारी कामठी आहे. तिथे फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो आणि मला तो तिथल्याच एका सहकाऱ्याने शिकवला. गावात राहतो म्हणून आम्ही काय पाहावे हे तुम्ही ठरवू नये.

दुसऱ्याचे उत्तर थोडे मोठे आहे. गोल तेवढेच असतात, बरोबर. पाच. हकीमी, दूए, दूए, क्वारात्सखेलिया, मायुलू. पाच-शून्य. युरोपियन कप (या स्पर्धेचे जुने नाव) आणि चॅम्पियन्स लीगच्या कुठल्याही फायनलमध्ये यापेक्षा मोठ्या फरकाने कुणी जिंकलेले नाही. पॅरिसचा हा पहिला चषक, आणि 1993 मध्ये मार्सेलने जिंकला त्यानंतर फ्रान्सला मिळालेला दुसरा. मार्सेलनेही तो म्युनिकमध्येच जिंकला होता. हे सगळे हायलाइट्समध्ये येते. येत नाही ते वेगळेच. इंटरच्या गोलकीपरने, सोमरने, चेंडू ठेवला की पॅरिसचा डेम्बेले पेनल्टी क्षेत्राच्या रेषेवर कसा टपून उभा राहायचा, एक पाय पुढे, नजर चेंडूवर, हे दोन मिनिटांच्या पट्टीत दिसत नाही. इंटर हरले ते तिथे हरले, पाय मोकळा करायला त्यांना जागाच मिळाली नाही. हकीमी आधी इंटरकडे खेळायचा. पहिला गोल मारून त्याने हात वर केले आणि जुन्या प्रेक्षकांची माफी मागितली. ते माझ्या पोरांना मला दाखवायचे होते, कारण आमच्याकडे तालुक्याच्या सामन्यात गोल मारला की समोरच्या गावाला शिव्या देत पळतात. आणि शेवटी पॅरिसच्या प्रेक्षकांनी एक भलेमोठे चित्र उलगडले : प्रशिक्षक लुईस एन्रिके आणि त्यांची मुलगी शाना, क्लबचा झेंडा रोवताना. शाना 2019 मध्ये कर्करोगाने गेली, नऊ वर्षांची होती. 2015 मध्ये एन्रिकेंच्या तेव्हाच्या संघाने, बार्सिलोनाने, बर्लिनला चषक जिंकला तेव्हा याच मुलीने मैदानात झेंडा रोवला होता. हे मी नंतर पुनःप्रक्षेपणात पाहिले, एकट्याने, दुपारी. पोट्टे तेव्हा वखरणीला गेले होते. तुमच्या मॅडमना म्हणावे, गोल तेवढेच होते.

मॅडमवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवतो. त्यांना जेवढे दाखवता तेवढेच त्या बोलणार. राग आहे तो ज्याने “फायनलसह” लिहिले आणि खाली “31 मे, रात्री 11:59” लिहिले त्याच्यावर. एका पाटीवर दोन्ही ओळी लिहिताना त्याचा हात थांबला नाही. सामना सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पॅक बंद. पुन्हा लिहितो, कारण तुमच्याकडे कुणी एकदा वाचून समजत नाही : सामना सुरू होण्याच्या अर्धा तास आधी, फायनलचा पॅक, बंद.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये याला सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा असे दोन शब्द आहेत. त्याच कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, म्हणजे मला मुंबईला यावे लागणार नाही, तुमच्या वकिलाला वर्ध्याला यावे लागेल. इतक्या लहान रकमेच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर मी आधीच बोललो आहे. तिथल्या माणसाला 31 आणि 1 मधला फरक पहिल्या फटक्यात कळला.

मला पहिल्या पॅकचे पैसे परत हवेत, आणि रात्री बारानंतर घेतलेल्या रिचार्जचेही. पावत्या जोडल्या आहेत. “ग्राहक समाधानी” हा शेरा कुणी लिहिला ते लेखी कळवावे आणि तो खोडावा. पंधरा दिवस वाट पाहीन. पूर्वी तालुक्यात कुणी टीव्हीची छत्री घ्यायची म्हणाले की मी तुमचेच नाव सांगायचो. आता विचारतात तेव्हा मी दुसरे सांगतो आणि कारणही सांगतो, रेखावृत्तासकट.

आणि एक. काल तुमच्या माणसाने ज्या नव्या पॅकची भलामण केली, त्याचीही वैधता मी विचारून घेतली. “फायनलच्या दिवशी रात्री 11:59 पर्यंत.” पुढची फायनल 30 मे 2026 ला बुडापेस्टला आहे आणि युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, वेळ आधीची केली आहे, तिथल्या संध्याकाळी 6 ला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ. तुमच्या माणसाला वाटते, आता प्रश्नच मिटला. नव्वद मिनिटे, मधली सुट्टी, जादा वेळेची तीस मिनिटे आणि मग पेनल्टी, हे मिळवून पाहा. बारा वाजतात. पाचवी पेनल्टी मारायला खेळाडू चेंडू ठेवेल आणि तुमची निळी चौकट येईल. तेव्हा आत्ताच सांगून ठेवतो, ही वैधता बदला, नाहीतर पुढच्या जूनमध्ये तुम्हाला याच मजकुराची दुसरी प्रत पाठवावी लागेल.

उत्तर मराठीत द्यावे. “प्रिय ग्राहक” लिहू नये.

आपला,
ग्राहक (असमाधानी)
ता. समुद्रपूर, जि. वर्धा
सप्टेंबर 2025