आई-बाबांना, तोकमोकहून परत आल्यावर

प्रिय आई-बाबा,

फोनवर तीनदा सांगायचं ठरवलं आणि तीनदा आईने "जेवलीस का" विचारलं की शब्दच फुटेना, म्हणून लिहितेय. मी इथला, किर्गिझस्तानातला शिकवायचा करार अजून एक वर्ष वाढवलाय. सही पण झाली. रागवू नका, आधी पूर्ण वाचा. एक तर कर्जाचे हप्ते पुढच्या जूनला संपतात, दुसरं म्हणजे माझ्या वर्गात कितीतरी पोरं लातूर-नांदेड-बीडकडची आहेत, अडलं की हळूच मराठीत विचारतात, त्यांना अर्ध्यात सोडून यायला जीव होईना. आणि दादा-वहिनी तुमच्याजवळ आहेत म्हणून, नाहीतर मी सही केलीच नसती. दिवाळीला जमणार नाही. पण जानेवारीचं तिकीट काढलंय, खरंच काढलंय.

खायची काळजी नको, बिश्केकला तूरडाळ मिळते, तांदूळ मिळतो. थंडीत गरम पाण्याचे पाइप घराघरात फिरवलेले असतात, आत स्वेटरही लागत नाही. चहा मात्र बरेच जण बिनदुधाचा पितात, मी माझा वेगळा उकळते, आलं घालून.

रविवारी तोकमोकला गेले होते. बिश्केकहून मार्शरुत्का म्हणजे आपली वडाप, तिने गेले. छोटं गाव आहे, बाजारात तंदूरमधली गरम गोल नान घेतली आणि पुढे टॅक्सीने बुराणाचा मिनार. बाबा, अकराव्या शतकातला आहे, म्हणजे आपल्या चाँदमिनारच्या कितीतरी आधीचा! काराखानी राजांचं बालासागुन शहर होतं तिथे, शहर गेलं, हा उरला. मूळचा ४५ मीटर होता म्हणतात, पंधराव्या शतकात भूकंपाने वरचा भाग पडला, आता २५ च्या आसपास. आतला जिना इतका अरुंद आणि काळोखा की मला एकदम दौलताबादची अंधारी आठवली, तुम्ही पुढे, मी तुमच्या शर्टाचं टोक धरून, आणि तुम्ही म्हणायचात, पायऱ्या मोज, भीती वाटत नाही. इथेही मोजायला लागले, मध्येच आकडा चुकला, पुढे धरायला शर्ट नव्हता. वर गेल्यावर समोर बर्फाचे डोंगर आणि मी आपली डोळे पुसतेय.

खाली मैदानात दगडी माणसं उभी आहेत, बालबाल म्हणतात, जुन्या तुर्की लोकांची, बऱ्याच जणांच्या हातात पेला. आणि आई, तिथे दगडी जाती पण मांडून ठेवलीत! मी एकावर हात फिरवला. आजीचं जातं अजून मागच्या अंगणातच आहे ना? भंगारवाल्याला देऊ नकोस गं.

परतताना अक-बेशिमला थांबले. बघायला काही नाही, मातीचे उंचवटे आणि गवत. पण बाबा, हेच जुनं सुयाब शहर! तुमचा तो चिनी प्रवासी युआन श्वांग ६३० च्या सुमारास इथेच तुर्कांच्या खाकानाला, म्हणजे त्यांच्या राजाला, भेटला आणि मग भारतात आला, पुढे पुलकेशीच्या वेळी महाराष्ट्रातही. आपली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहिलंय हे तुम्ही दर पाहुण्याला ऐकवता, त्याची वाट इथून गेली. इथे बौद्ध मंदिरांचे अवशेष पण निघालेत. तुम्ही शेजारी पाहिजे होता, मला एकटीला ते बघणं जड गेलं.

म्हणून आता ऐका. मे महिन्यात तुम्ही दोघं इकडे यायचं. बाबांना मिनार चढायचा नाही, खालून बघायचा. त्याआधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, दिवाळीनंतर लगेच, "बघू" चालणार नाही, मी दादाला तारीख घ्यायला सांगितलंय. आई, बीपीची गोळी सकाळी चहाआधी घ्यायची, उपास असला तरी. स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायचे नाहीत, चिवड्याचे तर अजिबात नाहीत, वहिनी काढेल. ओरडत नाहीये गं मी. चिवडा पाठवू नकोस म्हणणार होते, पण पाठव, थोडाच कर, खोबरं जास्त घाल.

पासपोर्ट दोघांचे संपलेत, ते या आठवड्यात करायला टाका. फोटोच्या वेळी बाबांना तो निळा शर्ट घालायला लाव.

तुमची,
छकुली