भायखळ्याच्या दादाला, ज्याचं नाव विचारायचं राहिलं

दादा,

१२ मार्च २०१८ च्या पहाटे भायखळ्याला फुटपाथवर चपलांची गोणी घेऊन उभे होतात, ते तुम्ही. शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमधल्या लाल टोप्यांच्या त्या गर्दीतल्या आम्ही मायलेकी तुमच्या ध्यानात असायचं कारण नाही.

६ तारखेला नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून पायी निघालो होतो. कसारा घाटात आईच्या चपलेचा अंगठा तुटला, तो तिनं सुतळीनं बांधला. ठाण्याच्या पुढं तळवाच गेला. सोमय्या मैदानावर जरा पाठ टेकली होती, पण सकाळी मुंबईच्या पोरांचा दहावीचा पेपर. रस्ते अडायला नकोत म्हणून रातोरात उठलो. आईनं पायाला फडकी गुंडाळली.

चपला वाटणारे पुष्कळ होते, सगळ्यांचेच उपकार. हाताला येईल तो जोड पुढं करायचे, आम्ही घ्यायचो. तुम्ही मात्र विचारलंत, "मावशी, नंबर किती?" आईला कुठला नंबर ठाऊक! सुरगाण्याच्या बाजारात पायाला लावून बघायचं, एवढंच. मग तुम्ही तिला दुकानाच्या पायरीवर बसवलंत, गोणी रस्त्यावर पालथी केलीत आणि एकेक जोड घालून बघायला लावलात. "सहा नंबर, मावशी. ध्यानात ठेवा."

हे एवढं का लागलं, सांगते. वनपट्ट्यासाठी, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी म्हणून, आई ज्या कचेरीत खेटे घालायची, तिथं आधी चपला बाहेर काढायला लावायचे, मग ताटकळत उभं ठेवायचे, मग 'पुरावा अपुरा' म्हणून वाटेला लावायचे. वनहक्क कायदा २००६ चा, जमीन आजोबांपासून कसलेली. तिला 'बसा' म्हणणारे पहिले तुम्ही.

त्याच संध्याकाळी सरकारनं लेखी दिलं. त्यातलं किती पाळलं हे लिहायला घेतलं तर हे पत्र आभाराचं राहायचं नाही. २०१९ ला आणि २०२३ ला पुन्हा निघावं लागलं, यात काय ते आलं. २०१९ लाच लोकसभेच्या तोंडावर वर्षाला ६,००० रुपये देणारी किसान सन्मान योजना आली. आमच्या चालण्यामुळं आली असं मी म्हणत नाही, पण शेतकऱ्याचं नाव घेतल्याशिवाय कुणाची सभा होईना, हे मात्र बघितलं. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या शेतकरी आंदोलनाला निघालेला गाड्यांचा एक जथाही नाशिकचाच. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी तिन्ही शेती कायदे मागं घेतो म्हणून सांगितलं. ते श्रेय मुख्यतः पंजाब-हरियाणाच्या माणसांचं. आई तरी त्या दिवशी टीव्हीसमोरून हलली नाही.

त्या चपला कधीच झिजल्या. परवा मेनरोडला नव्या घ्यायला गेलो, तर दुकानदारानं तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "सहा नंबर."

तुमची,
सुरगाण्याची एक बहीण