कुकरमधला खिमा-पाव आणि शिट्ट्यांचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कुकरमधल्या खिमा-पावाची कृती छापून आली. ‘सगळं साहित्य एकत्र करून दोन वाट्या पाणी घालावं आणि पाच शिट्ट्या कराव्यात’ एवढ्यावरच ती आटोपली आहे. अर्धा किलो खिमा या पद्धतीनं लावला, तर टोमॅटो बुडाला लागून करपतो. तो करपला नाहीच, तर खिम्याचं पातळ कालवण होतं आणि पाव खालून भिजून हातातच तुटतो. आच केवढी, मिनिटं किती, कुकर किती लिटरचा आणि कोणता जिन्नस कधी घालायचा, हे कृतीसोबत छापलंच पाहिजे. हे पत्र त्यासाठीच.

मुळात हा पदार्थ अमेरिकेतल्या ‘स्लॉपी जो’चा भाऊ. तिकडे गोमांसाचा खिमा, कांदा, केचप आणि वुस्टरशायर नावाचा आंबट-खारट सॉस शिजवून गोल, मऊ बनमध्ये भरतात, आणि हल्ली बरेच जण तो विजेच्या कुकरमध्ये करतात. त्या कुकरला आपल्यासारखी शिट्टी होत नाही. दाब आला की वाफ आतच कोंडलेली राहते, आणि बूड फार तापलं तर कुकर आपोआप तापणं थांबवतो. आपला गॅसवरचा कुकर प्रत्येक शिट्टीला वाफ, म्हणजे पाणीच, बाहेर टाकतो आणि बूड करपत असलं तरी शिट्ट्या देत राहतो. त्यामुळे तिकडचं पाण्याचं माप आणि वेळ इकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. मांसाचंही तेच. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आहे आणि सांगली-साताऱ्याकडे खिमा म्हटला की तो बोकडाचाच. त्याला बीफच्या खिम्यापेक्षा शिजायला थोडा जास्त वेळ लागतो.

शिट्टी हे वेळेचं माप का नाही, तेही सांगायला हवं. पूर्ण दाबाला कुकरच्या आत साधारण १२० अंश सेल्सिअस तापमान असतं. तिथं पोचल्यावर आच मोठी ठेवली तरी मांस लवकर शिजत नाही, फक्त शिट्ट्या वाढतात आणि पाणी उडतं. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, मंद आचेवर त्यालाच वीस मिनिटं लागू शकतात. तीन लिटरच्या आणि साडेसात लिटरच्या कुकरचा हिशेब आणखी वेगळा. म्हणून ‘पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून ८ मिनिटं’ असं लिहावं. तेवढं एक वाक्य कोणत्याही कुकरला चालतं.

आता मापं. पाच लिटरच्या जाड बुडाच्या कुकरला अर्धा किलो खिमा बेताचा. खांद्याचं आणि मांडीचं मांस मिसळून घ्यावं आणि पाचवा हिस्सा चरबी राहू द्यावी. अगदी बिनचरबीचा खिमा कुकरमध्ये कोरडा आणि दाणेदार होतो. मटणवाल्याकडे मशीनची मोठ्या भोकांची जाळी मागावी, बारीक जाळीचा खिमा शिजून पिठासारखा होतो. धुवायचं ते मांस तुकडे असतानाच धुवावं. खिमा केल्यावर धुतला की तो पाणी धरून ठेवतो, परतताना तेच पाणी सुटतं आणि खिमा भाजण्याऐवजी उकडला जातो. खिमा तुकड्यांपेक्षा लवकर खराब होतो, कारण वरच्या भागावरचे जंतू मशीनमधून सगळ्या मांसात मिसळतात. आणल्या दिवशीच शिजवावा.

दोन मोठे चमचे तेलात तीन मध्यम कांदे बारीक चिरून तांबूस करावेत, दोन चहाचे चमचे आलं-लसूण वाटण घालावं, मग खिमा. इथं घाई करू नये. मोठ्या आचेवर ८-१० मिनिटं परतावं आणि गोळे पावभाजीच्या मॅशरनं मोडत राहावं. आधी पाणी सुटेल, रटरट आवाज येईल, खिमा राखाडी दिसेल. पाणी आटलं की तो आवाज बदलून तडतड सुरू होते, कडेनं तेल दिसतं आणि बुडाशी तांबूस थर धरू लागतो. खिम्याची चव याच थरात आहे, आणि तो सोडवला नाही तर करपण्याची सुरुवातही तिथूनच होते.

आच कमी करून अर्धा चमचा हळद आणि दीड मोठा चमचा कांदा-लसूण मसाला घालावा. आपल्या भागातल्या या मसाल्यात कांदा, लसूण, खोबरं सगळं भाजलेलं असतं, त्यामुळे कोरड्या बुडावर तो अर्ध्या मिनिटात कडू होतो. आधी दोन चमचे पाणी शिंपडावं आणि मगच मसाला. मसाल्यात मीठ असतंच, म्हणून वरून अर्धाच चमचा घालावं. लगेच एक वाटी, म्हणजे साधारण १५० मिली, कढत पाणी ओतून उलथण्यानं बूड खरवडून काढावं. उलथणं बुडावर गुळगुळीत फिरलं पाहिजे. कुठं खरखर लागली, तर तिथंच पुढं करपणार हे नक्की.

सगळ्यात शेवटी तीन टोमॅटो, साल काढून आणि बारीक चिरून, खिम्यावर पसरावेत आणि ढवळू नयेत. पातळ पाणी तापलं की वर जातं, गार पाणी खाली येतं, अशी त्याची ये-जा चालू असते आणि बूड फार तापत नाही. टोमॅटोचा दाट गर जागचा हलत नाही. तो बुडाशी बसला की त्यातली साखर तिथंच जळते. केचप, गूळ आणि कोणतंही पीठ झाकण लावण्यापूर्वी न घालण्याचं कारणही हेच.

पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्यावी, मग मंद आचेवर ८ मिनिटं, आणि गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी. चिमट्यानं शिट्टी उचलून वाफ काढू नये. दाब एकदम उतरला की आतला रस्सा फसफसून वर येतो, चरबीचा फेस आणि खिम्याचे कण नळीत घुसतात. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नये तेही त्यासाठीच. दर वेळी शिट्टी काढून वाफेची नळी उजेडाकडे धरावी आणि आरपार दिसते का पाहावं. टोमॅटोची एक साल ती बुजवायला पुरते. रिंग चिरली असेल तर बदलावी, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असेल तर कुकर ज्या कंपनीचा तिचाच बसवावा. नवीन कुकर घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस २३४७ हा क्रमांक बघून घ्यावा.

झाकण उघडल्यावर खिमा पातळच दिसेल, आणि तसाच दिसायला हवा. पाच मिनिटं थांबलं की लालभडक तवंग वर येतो. त्यातला दोन-तीन चमचे वाटीत काढून ठेवावा. मग कुकर उघडाच पुन्हा गॅसवर ठेवून मध्यम आचेवर आटवावं. आता आंबट-गोडाची वेळ. केचपऐवजी तासगावचे २०-२५ बेदाणे कोमट पाण्यात भिजवून, वाटून घालावेत आणि एक चहाचा चमचा व्हिनेगर घालावं. गोडवा केचपपेक्षा सौम्य येतो आणि तिखट मसाल्याशी छान जमतो. सहा-सात मिनिटांत दाटपणा आला नाही, तर एक चमचा डाळव्याचं पीठ पाण्यात कालवून लावावं. उलथणं बुडावर ओढल्यावर मागं वाट पडली आणि ती क्षणभर टिकून मग हळूहळू मिटली, की खिमा पावात भरण्याजोगा झाला. वाट पडताच मिटली तर अजून आटवावं.

पाव सकाळी आणलेला संध्याकाळी वापरावा. भट्टीतून आलेला गरम पाव मधे कापताना दबतो आणि रस्सा लगेच पितो. काढून ठेवलेला तवंग तव्यावर घालून पावाची कापलेली बाजू तांबूस, कुरकुरीत भाजावी. भाजलेल्या बाजूला तेलाचा हात लागलेला असला, की रस्सा आत मुरायला वेळ लागतो. एका पावाला तीन मोठे चमचे खिमा, वर बारीक कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. बोकडाची चरबी गार झाली की थिजते आणि टाळूला चिकटते, म्हणून खिमा मंद आचेवर गरम ठेवून ज्याच्या त्याच्या वेळेला पाव भरून द्यावा.

एवढं करूनही खिमा बुडाला लागलाच, तर वरून पाणी ओतून ढवळू नये. त्यानं जळका वास सगळ्यात पसरतो. वरचा खिमा अलगद दुसऱ्या भांड्यात काढावा आणि बूड तसंच सोडावं. स्टीलच्या कुकरमध्ये पाणी आणि खायचा सोडा उकळला की करपलेलं सुटतं. ॲल्युमिनियमला मात्र सोडा लावू नये, त्यानं भांडं काळं पडतं. तिथं चिंचेचं पाणी उकळावं. आणि ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये हा आंबट खिमा रात्रभर ठेवू नये, धातू अन्नात उतरतो आणि भांड्यालाही खड्डे पडतात.

पुरवणीत जागा कमी असते, हे मान्य. पण ‘पाच लिटरचा कुकर, एक वाटी पाणी, टोमॅटो वर, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ८ मिनिटं, उघडून आटवा’ एवढा मजकूर दोन ओळींत बसतो. पुढच्या रविवारी दुरुस्ती म्हणून निदान तेवढा छापावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली