परदेशी सापाला कुठले जंगल?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या वृत्तपत्रात दर दोन-चार दिवसांआड सर्पमित्रांची एखादी बातमी येते. वडगावात कुणाच्या न्हाणीत नाग निघतो, खानापूरकडे कुणाच्या गवताच्या गंजीखाली घोणस सापडते, आणि बातमीचे शेवटचे वाक्य ठरलेले असते : ‘सापाला सुरक्षितपणे जंगलात सोडून देण्यात आले.’ हे काम मी गेली अठरा-एकोणीस वर्षे हौसेने करतो आणि देशी सापांच्या बाबतीत त्या वाक्यावर माझे काही म्हणणे नाही. परंतु गेल्या जानेवारीत माझ्याकडे जो साप आला त्याला ते लावता येत नाही, आणि असे साप यापुढे आपल्या भागात वाढतील अशी लक्षणे दिसत असल्यामुळे हा पत्रप्रपंच.

टिळकवाडीत विद्यार्थ्यांना भाड्याने खोल्या देणाऱ्या एका काकूंचा रात्री फोन आला. ‘काचेच्या पेटीत साप हाय वो, हलंना झालाय. मेलाय काय झोपलाय कळंना, तुम्ही या आधी.’ खोलीतला मुलगा परीक्षा आटोपून तीन आठवड्यांपूर्वी गावी गेलेला. माशांच्या जुन्या टाकीत लाकडाचा भुसा, पालथी पडलेली पाण्याची वाटी, वर जाळीशिवाय टांगलेला साठ वॅटचा बल्ब, तोही उडालेला; आणि कोपऱ्यात नारळाएवढे वेटोळे करून बसलेला बॉल पायथन. हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला, तीन ते पाच फुटांपर्यंत वाढणारा बिनविषारी अजगर. घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून त्याला हे नाव. स्वभाव शांत असल्यामुळे पाळीव प्राण्यांच्या बाजारात त्याला मागणी फार.

घरी आणून वजन केले ते ५२० ग्रॅम भरले. सव्वातीन फूट लांबीच्या या जातीच्या सापाचे वजन सहज याच्या दुप्पट असायला हवे. (कणीक मोजायचा तो काटा आता स्वयंपाकघरात परत येणार नाही, असा घरात निकाल झाला आहे.) पाठीचा कणा कौलारू घराच्या आढ्यासारखा वर आला होता. पोटाखाली बल्बच्या चटक्याचा जुना व्रण होता. कात तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटलेली होती, आणि सापाला पापण्या नसल्यामुळे डोळ्यावर जो पारदर्शक खवला असतो, तोही मागच्या कातीबरोबर न निघता एकावर एक साचून दोन्ही डोळे दुधी झाले होते. कोमट पाण्यात वीस मिनिटे ठेवल्यावर पाण्यावर काळे ठिपके तरंगू लागले, आणि निरखून पाहिले तर ते ठिपके चालत होते. सापाच्या खवल्यांखाली राहून रक्त पिणारे ते बारीक किडे, ज्यांना ही जनावरे पाळणारे माइट्स म्हणतात.

यापुढचे काम सांगण्यासारखे रोमहर्षक नाही, परंतु ते नीट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अशा सापाला वाचवण्याच्या घाईतच तो बहुधा मरतो. उपाशी जनावर दिसले की आपला हात आधी अन्नाकडे जातो. अनेक आठवडे उपाशी राहिलेल्या सापाला एकदम भरपेट खायला घातले, तर रक्तातील क्षारांचा तोल बिघडून तो दगावू शकतो; आणि अंगात ऊब नसेल तर गिळलेले पोटातच कुजते, कारण सापाचे पचन बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालते. तेव्हा आधी ऊब, मग पाणी, आणि अन्न सर्वांत शेवटी. जानेवारीत बेळगावचा पारा रात्री पंधरा अंशांच्याही खाली जातो, हे आपण जाणताच. उद्यमबागेत माझे लहानसे वर्कशॉप आहे आणि तापमान राखणे हे आमचे रोजचेच काम. पण पोलादाची भट्टी ८५० अंशांवर धरून ठेवण्यापेक्षा प्लॅस्टिकच्या पेटीची एक बाजू ३२ अंश आणि दुसरी २६ अंश ठेवणे मला अवघड गेले. हीटिंग पॅड पेटीच्या बाहेरून लावला, थर्मोस्टॅटचा सेन्सर आत उबेच्या जागी बसवला, आणि दोन्ही टोकांना लपायला एकेक फुटकी कुंडी पालथी घातली. दोन कुंड्या अशासाठी, की एकच आडोसा दिला तर भित्रा साप ऊब सोडतो, पण आडोसा सोडत नाही. खाली भुशाऐवजी रद्दीतले कागद रोज बदलून अंथरले, म्हणजे किड्यांना लपायला जागा राहत नाही आणि विष्ठाही लगेच दिसते. ते कागद आपल्याच वृत्तपत्राचे होते, त्याबद्दल क्षमा असावी.

आमच्या भागातले पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्र्यांत वाकबगार आहेत. साप त्यांच्या टेबलावर पहिल्यांदाच आला. तरी त्यांनी टाळले नाही. पुण्याच्या एका जाणकार डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर घेऊन त्यांनी औषधाची मात्रा वजनावरून काढली. एका हितचिंतकाने जनावरांच्या गोचिडांवर मारायचे औषध फवारायला सांगितले होते. ते ऐकले असते तर किड्यांबरोबर सापही गेला असता. दुसऱ्याने चिमट्याने डोळ्यांवरचे पापुद्रे ओढून काढायचे सुचवले, आणि त्यात डोळाच जाण्याची भीती असते. शेजारच्या आजींनी मात्र वाटीभर दूध आणून ठेवले. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो तो आधी कित्येक दिवस पाण्यावाचून तडफडत ठेवलेला असतो म्हणून पितो, दूध हे सापाचे अन्नच नव्हे, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते पटले असे वाटत नाही. दूध मात्र आमच्या चहाला उपयोगी पडले.

बाराव्या दिवशी २५ ग्रॅमचा एक मेलेला उंदीर, गोठवलेला तो वितळवून आणि कोमट करून, चिमट्याने पुढे धरला. सापाने तोंड फिरवले. जिवंत उंदीर सोडायचा नाही हे ठरलेलेच होते, कारण दुबळ्या सापाला उंदीरच कुरतडतो, आणि याच्या शेपटीवर तशी एक खूण आधीच होती. आठवड्याने पुन्हा नकार. तिसऱ्या वेळी दिवा घालवून, उंदीर कुंडीच्या तोंडाशी ठेवून मी दार लोटून घेतले; सकाळी उंदीर नव्हता. त्यानंतर दर दहा दिवसांनी थोडे थोडे वाढवत गेलो. पेटीत ओल्या कापडाचा एक डबा ठेवून दमटपणा वाढवला, आणि एप्रिलमध्ये सापाने पहिल्यांदा अखंड कात टाकली. कातीच्या डोक्याकडच्या टोकाला काचेच्या भिंगासारखे दोन्ही खवले शाबूत होते. आज वजन ७८० ग्रॅम आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या पहिल्या आठवड्यात मी सरकारी दाराशी गेलो तेव्हा एका टेबलावर ‘सोडून द्या की जंगलात’ असे उत्तर मिळाले आणि दुसऱ्यावर ‘ठेवलात तर तुमच्यावरच केस होईल’ असे. पहिल्या सल्ल्याप्रमाणे मी तो जांबोटीच्या रस्त्याला नेऊन सोडला असता, तर एक तर तो थंडीने मेला असता, नाही तर अंगावरचे किडे आणि आजार भीमगड अभयारण्यातल्या देशी सापांना देऊन मेला असता. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाळलेले बर्मी अजगर मोकळे सुटून तिथल्या दलदलीतले ससे, रकून, पक्षी कसे संपवत आहेत, हे उदाहरण जगजाहीर आहे. दुसरे उत्तर अर्धे खरे होते. नाग, धामण, मांडूळ, आपला अजगर यांसारखे देशी साप घरात ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग हेतू उपचाराचा का असेना. तिथे वनखात्यालाच कळवले पाहिजे. परदेशी जातींचे तसे नाही. २०२२च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय साइटिस करारातील प्राण्यांसाठी वेगळी चौथी अनुसूची आली, आणि बॉल पायथनही त्यात येतो. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश या पोर्टलवर (संकेतस्थळावर) करणे बंधनकारक केले. ज्यांच्याकडे ते आधीपासून होते त्यांना सहा महिन्यांची मुदत होती, त्यानंतर कुणाकडे आला तर तीस दिवसांची. प्राणी दुसऱ्याच्या हाती गेला किंवा मेला तरी कळवावे लागते.

हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. त्याने साप समाजमाध्यमावरून कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडून घेतला आणि कापडी पिशवीत घालून, राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून बसने आणला. पावती नाही, नोंद नाही, आणि हा प्राणी वीस-तीस वर्षे जगतो हे सांगणारेही कुणी नाही. चार वर्षांच्या शिक्षणासाठी आलेल्या मुलाने वीस वर्षांचे जनावर घेतले. मी फोन केला तेव्हा तो पहिल्यांदा साप आपला नाहीच म्हणाला. नंतर रडवेला होऊन म्हणाला, ‘काका, थंडीत खायचा बंद झाला तेव्हाच कुणाला तरी विचारणार होतो, पण पोलीस येतील म्हणून भ्यालो.’ त्याच्या हलगर्जीपणाची मी वकिली करत नाही. तरीही मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते या वाक्याने. कायदा प्राण्यासाठी आहे, आणि त्याच्या भीतीने प्राणी खाटेखाली उपाशी राहतो.

आपल्या सीमाभागात हा गुंता आणखी वाढतो. कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा ही तीन राज्यांतली ठिकाणे काही तासांच्या अंतरावर आहेत, प्रत्येकाचा मुख्य वन्यजीव रक्षक वेगळा आहे, आणि साप मात्र एका बसमध्ये एका राज्यातून दुसऱ्यात येतो. पोर्टल इंग्रजीत, कार्यालयातला व्यवहार कन्नडमध्ये, आणि साप सापडलेल्या काकूंना मराठीशिवाय काही लिहिता येत नाही. (सीमाप्रश्न इथे काढण्याचा माझा हेतू नाही, तो काढायला अन्य जागा पुष्कळ आहेत.) वनखात्याला माझी विनंती एवढीच आहे की, परदेशी पाळीव प्राणी सांभाळणे ज्यांना जमत नाही त्यांना तो चौकशीचा ससेमिरा न लागता सोपवता येईल अशी एक जागा जिल्ह्यात ठरवावी, भुतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात शक्य असेल तर तिथे, आणि नोंदणीची माहिती कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत एका पानावर छापून कॉलेजांत, वसतिगृहांत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांत लावावी. सर्पमित्र बंधूंनाही सांगणे आहे : ओळखीचा नसलेला, रंगाने विचित्र, माणसाळलेला साप सापडला तर फोटो काढण्याआधी त्याला ऊब द्या, आणि सोडण्याची घाई करू नका.

मी स्वतः मुदतीत अर्ज केला आहे. साप सोपवत असल्याचे त्या मुलाने स्वहस्ते लिहून दिले, आणि खरेदीची पावती मागणाऱ्या रकान्यात काय लिहावे हे कुणी सांगत नसल्यामुळे तोच कागद मी तिथे जोडला आहे. उत्तर अजून आलेले नाही. वजन दर रविवारी घेतो आणि वहीत लिहितो. वनखात्याने मागितल्यास ती वही केव्हाही दाखवीन.

आपला नम्र,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव