हँडल वर आणून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

बाबांच्या जुन्या रोड सायकलचं हँडल तुम्ही वर आणून दिलंत, त्याबद्दल हे पत्र. पैसे देताना ‘थँक्यू काका’ म्हटलं होतं, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण जुन्या पोलादी सायकली सांभाळणाऱ्या पुष्कळांना ‘नवं स्टेम हवं तर फोर्क बदला’ एवढंच ऐकायला मिळतं (स्टेम म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा). आम्हालाही दुसरीकडे तेच सांगितलं होतं.

बाबांची मान वाकून वाकून दुखायची. जुनं स्टेम जेमतेम दोन बोटं वर येत होतं, कारण त्याच्यावर कोरलेली खूण फोर्कच्या नळीच्या बाहेर दिसता कामा नये. ती खूण कशासाठी असते, हे तुम्ही स्टेम हातात देऊन दाखवलंत. ती बाहेर येईल इतकं स्टेम वर ओढलं, तर आत धरून ठेवायला पुरेशी लांबी उरत नाही आणि हँडल हातात येऊ शकतं.

मग तुम्ही स्टेम बसवण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धतींतला फरक समजावलात. जुन्या पद्धतीत फोर्कच्या नळीला बाहेरून आटे असतात, हेडसेटची, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगच्या संचाची, वरची वाटी आणि लॉकनट त्यांवर बसतात, आणि स्टेम नळीच्या आत पाचरीनं आवळलं जातं. 1990च्या दशकात रुळलेल्या बिनआट्याच्या पद्धतीत स्टेम नळीला बाहेरून पकडतं, आणि बेअरिंगवरचा दाब टिकवायचं कामही तेच करतं. म्हणजे खरोखर नव्या पद्धतीवर जायचं तर फोर्क आणि हेडसेट दोन्ही नवे. आटे असलेल्या नळीवर बाहेरून पकडणारं स्टेम आवळू नये, आट्यांच्या खाचांत नळी कमजोर असते, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत. तुम्हाला त्यात जास्त पैसे मिळाले असते, तरी ‘एवढा चांगला फोर्क कशाला टाकता?’ असं विचारलंत. बाबांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

तुम्ही सुचवलेला ॲडॅप्टर इतका साधा, की आधी कुणी का बोललं नाही, याचं नवल वाटतं. खाली 22.2 मिलिमीटर, नळीच्या आत जाणारा, वर 28.6, म्हणजे हल्लीचं स्टेम बसेल असा. पण घाई केली नाहीत. आधी व्हर्नियरनं नळी आतून मोजलीत, कारण जाड नळीच्या सायकलींना 25.4 चा लागतो. जुनं स्टेम गंजून अडकलं होतं. बोल्ट थोडा सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडी हातोडीनं टोला दिलात आणि आतली पाचर सुटली. नवीन घालताना ग्रीस भरपूर लावलंत. आमच्याकडचा पावसाळा आणि हँडलवर ठिबकणारा घाम, दोन्हींचा विचार त्यात होता.

हेडसेट जुनाच राहिला, पण तो तसाच सोडला नाहीत. छर्रे बदललेत, वाट्या पुसून त्यांत खड्डे पडलेत का ते पाहिलंत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची आणि वाटीपाशी बोट ठेवून खुळखुळ लागते का बघायची, हे मला करायला लावलंत. बाबांचं जुनं हँडल नव्या स्टेमला बारीक पडत होतं, तिथे शिम, म्हणजे जागा भरणारी पातळ पट्टी, घातलीत. पुढचे चार बोल्ट तिरप्या क्रमानं, थोडे थोडे आवळलेत. ब्रेकची वायर आखूड पडणार, हेही आम्ही विचारायच्या आधी तुमच्या लक्षात आलं होतं.

वजन थोडं वाढलं, हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत. बाबांना त्याचं काही नाही. आता ते पुन्हा सकाळी सायकल काढतात आणि परत आल्यावर मानेला शेक मागत नाहीत.

पावसाळ्यापूर्वी स्टेम काढून पुन्हा ग्रीस लावायला सांगितलंय, ते मी घरी करणार आहे. तुम्ही शिकवलेलं जमतंय का, ते बघायला सायकल तुमच्याकडे घेऊन येईन.

तुमची,
निळ्या सायकलवाल्यांची मुलगी